सासूसासऱ्यांना घेऊन लेबर डेला शिकागो: कसं जमवायचं

आम्ही राहतो ब्लूमिंग्टन-नॉर्मलला. इलिनॉयमध्ये मका आणि सोयाबीनच्या शेतांच्या मधोमध वसलेली ही जोडगावं. इथल्या मराठी माणसाला 'कुठे काम करता' असं विचारावं लागत नाही. विम्याचं नाही तर विम्याच्या संगणकाचं काम, एवढे दोनच पर्याय. शिकागो इथून सव्वाशे-एकशेतीस मैल. त्यामुळे भारतातून आईवडील सहा महिन्यांसाठी आले, की पहिले दोन आठवडे झोप रुळावर आणण्यात जातात, पुढचे दोन प्रत्येक किमतीचे रुपये करण्यात, आणि मग जेवताना कोणीतरी विषय काढतंच, "शिकागो कधी दाखवणार?"

पहिल्यांदा मी माझ्या आईबाबांना फोर्थ ऑफ जुलैला नेलं होतं. चौदा ठिकाणांची यादी, वेळांसकट, छापून. दुसऱ्या दिवशी दुपारी आई हॉटेलच्या पलंगावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही या जाऊन, मी खिडकीतून बघते." चौदापैकी पाच झाली होती. त्यानंतर यादी फाडली ती कायमची. २०२४ च्या लेबर डेला सासूसासऱ्यांना नेलं तेव्हा ठरवूनच टाकलं होतं: दिवसाला तिकिटाची एकच गोष्ट. बाकीच्या वेळात बसायचं. पण कुठे बसायचं, हे मात्र आधी नीट शोधून ठेवायचं. खाली लिहिलंय ते सगळं या एका हिशोबाने. सहा माणसं होतो: आम्ही दोघं, अकरा वर्षांची थोरली, सहा वर्षांचा धाकटा, आई (सासूबाई, दोन्ही गुडघे कुरकुरणारे) आणि नाना (सासरे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, थांबतील तिथे भाषण).

कोणता वीकएंड

मेमोरियल डे म्हणजे मेचा शेवटचा सोमवार. तेव्हा गावात उन्हाळा आलेला असतो, पण शिकागोत मिशिगन तळ्याकाठी वारा अजून बोचतो. फोर्थ ऑफ जुलैची गर्दी आणि ऊन, दोन्ही वयस्कर माणसांना नको. थँक्सगिव्हिंगला गुरुवारी निम्मं शहर बंद, आणि नोव्हेंबरातलं शिकागो हे पुण्या-सांगलीहून आलेल्या माणसाला दाखवायची गोष्ट नाही. राहिला लेबर डे, सप्टेंबरचा पहिला सोमवार. हवा बरी, कारंजी चालू, मिलेनियम पार्कमध्ये जॅझ महोत्सव फुकट.

एकच अडचण, ती म्हणजे गणपती. बुकिंगच्या आधी कालनिर्णय उघडा, हे मी अगदी गंभीरपणे सांगतेय. २०१९ मध्ये लेबर डे आणि गणेश चतुर्थी एकाच दिवशी आली होती, २०२५ मध्ये लेबर डेच्या सोमवारीच गौरीपूजन होतं. २०२४ मध्ये गणपती ७ सप्टेंबरला, म्हणून सुटलो असं मला वाटलं. बुकिंग झाल्यावर आई हळूच म्हणाल्या, "सोमवारी पाचवा श्रावणी सोमवार आहे हं." म्हणजे शनिवार-रविवार कांदालसूण नाही आणि सोमवारी उपास. शिवाय त्याच दिवशी बैलपोळा. इथे कामगारांची सुट्टी आणि तिकडे बैलांची, हा योग नानांना इतका आवडला की त्यांनी तो तीन दिवसांत निदान आठ जणांना सांगितला. त्यातले दोघे अमेरिकन होते.

गाडी नको, रेल्वे

माझं मत ठाम आहे: मोटार घरी ठेवा. डाउनटाउनमधल्या हॉटेलात एका रात्रीचं पार्किंग साठ-सत्तर डॉलर होतं. बाहेर स्वस्त जागा ॲपवर मिळते, पण मग हॉटेल ते पार्किंग हे अंतर सामान आणि गुडघे घेऊन चालायचं. ॲमट्रॅकची लिंकन सर्व्हिस नॉर्मलच्या अपटाउन स्टेशनवरून सुटते आणि साधारण सव्वादोन तासांत शिकागोच्या युनियन स्टेशनवर नेते. ६५ च्या वरच्यांना दहा टक्के सूट, २ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. बुक करताना प्रत्येक प्रवाशाचा प्रकार निवडा, नाहीतर सगळे 'ॲडल्ट' म्हणून जातात आणि सूट हातची जाते. भाडं विमानासारखं चढतं, म्हणून लाँग वीकएंडची तिकिटं जूनमध्येच काढा. शनिवार सकाळची गाडी आणि सोमवार दुपारची. शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीचा मोह टाळा. ऑफिसातून धावतपळत निघालेला माणूस डबा विसरतो.

स्टेशनवर अर्धा तास आधी पोचा. सगळ्यांना जवळजवळ बसायचं असेल तर दुसरा उपाय नाही. २०२३ पासून या मार्गावर गाडी ताशी ११० मैलांपर्यंत जाते. नानांनी फोनवर वेग दाखवणारं ॲप लावलं आणि पाँटिअॅक ते ड्वाइट ते खिडकीबाहेर न बघता त्यातच बघत बसले. धाकटाही. दोघांचं वय त्या वेळी एकच होतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. इथे राहणाऱ्या १८ वर्षांवरच्या परदेशी माणसाने आपल्या नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा, असा कायदा आहे. पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांसाठी तो पुरावा म्हणजे आय-९४, देशात शिरल्याची सरकारी नोंद. सरकारी साइटवरून तो छापून घ्या, प्रत्येकाच्या पाकिटात एकेक प्रत घाला, आणि पासपोर्ट एका पाउचमध्ये, ते पाउच एकाच माणसाच्या गळ्यात. आमच्याकडे तो माणूस म्हणजे मी. प्रवासी विम्याचं कार्ड, गोळ्या आणि चष्मा हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. आणि एका जाड कागदावर हॉटेलचं नाव, पत्ता आणि आमचे दोन्ही फोन नंबर, मोठ्या अक्षरांत. नानांनी "मी काय लहान आहे?" म्हणून तो कागद खिशात घालायला नकार दिला. तो मी त्यांच्या टोपीत घातला.

हॉटेल

शिकागो नदीच्या उत्तरेला चकचकीत हॉटेलं आहेत, पण तिकडे जाऊ नका. मिलेनियम पार्कपासून पाच मिनिटांत चालत पोचता येईल असं घ्या. म्हणजे दुपारी कोणी थकलं तर परत येता येतं. मला विचाराल तर दुपारची ही दीड तासाची झोप हा तिन्ही दिवसांतला सर्वांत महत्त्वाचा कार्यक्रम आहे, आणि जवळच्या हॉटेलाचे जास्तीचे पैसे आपण त्या झोपेसाठी देतो.

सहा जण म्हणजे दोन खोल्या. 'अडजॉइनिंग' म्हणजे फक्त शेजारच्या. 'कनेक्टिंग' म्हणजे मधे दार असलेल्या. साइटवर टिक केलेली विनंती कोणी वाचेलच असं नाही. म्हणून जायच्या आठवडाभर आधी थेट हॉटेलात फोन करा आणि कनेक्टिंग खोल्या नावावर लावून घ्या. दिसणाऱ्या दराच्या वर शिकागोत सतरा टक्क्यांहून जास्त कर लागतो, त्यामुळे तुलना करताना शेवटच्या पानावरचा आकडा बघा. आणि रद्द करता येणारं बुकिंगच घ्या. सहा जणांत कोणीतरी एक आजारी पडतंच.

आता स्वयंपाकाबद्दल, कारण आपण मंडळी काहीतरी घेऊन जाणारच. त्या पहिल्या ट्रिपला मी इंडक्शनची शेगडी नेली होती. आईला पिठलं हवं होतं. फोडणीत मिरची पडली, खोलीभर ठसका, आणि छतावरचा भोंगा असा कोकलायला लागला की शेजारच्या खोलीतला माणूस अंगावर टॉवेल गुंडाळून बाहेर आला. त्या माणसाचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. तेव्हा फोडणी नाही, काहीही झालं तरी नाही. कॉफीच्या यंत्रात नुसतं पाणी गरम करून घ्या, त्यात घरून आणलेलं फोडणी दिलेलं उपम्याचं किंवा पोह्यांचं मिश्रण झाकून ठेवा, दहा मिनिटांत नाश्ता. यंत्रातून आधी दोनदा साधं पाणी सोडा, नाहीतर पोह्यांना कॉफीचा वास येतो.

बरोबर काय न्यावं? दुधात भिजवलेल्या दशम्या तीन दिवस राहतात. बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं गोड लोणचं, भडंग. सोमवारसाठी राजगिऱ्याचे लाडू आणि बटाट्याचा उपासाचा चिवडा. केळी तिथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. शिकागोचा डीप डिश पिझ्झा मुलांना खायचाच असतो. तो भाजायला पाऊण तास लागतो, म्हणून टेबलावर बसण्याआधीच ऑर्डर सांगून ठेवा, बहुतेक ठिकाणी घेतात. सॉसमध्ये लसूण असतोच. आईंनी पर्समधून दशमी काढली आणि वेटरकडे बघून इतक्या प्रेमाने हसल्या की त्याने स्वतःहून एक रिकामी ताटली आणून दिली.

फिरायचं कसं

सगळे सांगतात, शिकागोला गेलात की 'एल'मध्ये बसा. खांबांवरून धावणारी ती गाडी १८९२ पासून चालू आहे आणि बघायला झकास आहे. पण सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट नाही, आणि लोखंडी जिने उभे आहेत. मुलांची हौस म्हणून एकदाच वॉशिंग्टन-वॉबॅश स्टेशनवरून बसलो. ते २०१७ चं नवीन स्टेशन आहे, लिफ्ट आहे, आणि पार्कपासून जवळ. लूपचा, म्हणजे डाउनटाउनभोवतीच्या त्या रुळांच्या वेढ्याचा, एक फेरा मारून तिथेच उतरलो. बाकी सगळा प्रवास बसने. बसला उतार असतो, ड्रायव्हर तो खाली करतो, पुढच्या जागा वयस्करांच्या असतात आणि खिडकीतून शहर दिसतं. १५१ नंबरची बस लक्षात ठेवा: युनियन स्टेशनपासून मिशिगन अव्हेन्यूवरून थेट लिंकन पार्कपर्यंत. टूर बसच्या तिकिटाच्या पैशात आमच्या सगळ्यांचा दिवस त्या बसमध्ये निघाला.

बस आणि 'एल'च्या भाड्याचं व्हेन्ट्रा कार्ड एकच घ्या आणि त्यात पैसे भरा. एका कार्डावर बाकीच्यांनाही आत सोडता येतं. दिवसाचा पास घेतला तर मात्र तो माणशी एक लागतो. सात वर्षांखालचं मूल मोठ्यांबरोबर फुकट. आम्ही दिवसात दोन-तीनदाच बसलो, त्यामुळे पासाची गरज पडली नाही. पाच ठिकाणं एकत्र दाखवणारे पास मिळतात, त्यांच्याही वाटेला जाऊ नका. असा पास खिशात असला की माणूस पैसे वसूल करायला धावतो, आणि गुडघे धावत नाहीत.

शनिवार

युनियन स्टेशनवर उतरलात की लगेच बाहेर पडू नका. ग्रेट हॉलमध्ये जा. १९२५ चं बांधकाम, वर काचेचं छत, खाली लांबलचक लाकडी बाकं, शेजारी स्वच्छतागृह. वीस मिनिटं तिथेच बसून दशम्या खाल्ल्या.

हॉटेलात सामान टाकून पार्कमध्ये. क्लाउड गेट, म्हणजे सगळे ज्याला बीन म्हणतात ते शिल्प, मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं. ११० टन वजन, स्टेनलेस स्टीलच्या १६८ पाट्या जोडलेल्या, आणि सांधा कुठे दिसत नाही. नाना ते सांधे शोधत बसले. इथे आमची एक चूक झाली: बीनखाली उभं राहून फोटो काढताना प्रत्येक जण वर बघतो, आणि वर शंभर माणसं उलटीसुलटी दिसतात. धाकटा त्यांत आजोबांना शोधत होता आणि आजोबा केव्हाच बाहेर पडले होते. पंधरा मिनिटं कोणाला सापडेनात. टोपीत कागद होता, पण टोपी आईंच्या हातात. तेव्हा आत शिरण्याआधीच ठरवा, चुकामूक झाली तर कुठे भेटायचं. आम्ही त्यानंतर आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयाच्या दारातल्या दोन ब्राँझच्या सिंहांपैकी डावा सिंह ठरवला. लहान मुलालाही सांगता येतं, वयस्करांनाही, आणि रस्त्याचं नाव पाठ करावं लागत नाही.

शेजारीच क्राउन फाउंटन आहे: पन्नास फुटी दोन मनोरे, त्यांच्यावर शिकागोच्या माणसांचे चेहरे दिसतात आणि मधूनच चेहरा ओठांतून पाणी सोडतो. मुलं भिजणार. "नाही, आपण फक्त बघायचं" हे वाक्य तिथे पाच मिनिटंही टिकत नाही. कपड्यांचा एक जोड, टॉवेल आणि प्लॅस्टिकची पिशवी बरोबर ठेवा, आणि वाद न घालता बाजूच्या बाकावर बसा.

स्वच्छतागृहाची चिंता मिटवायला रस्त्यापलीकडचं कल्चरल सेंटर. १८९७ मध्ये वाचनालय म्हणून बांधलेली इमारत, प्रवेश फुकट. वरच्या मजल्यावर टिफनी काचेचा ३८ फूट व्यासाचा घुमट आहे. लिफ्टने जा आणि त्याच्याखाली खुर्चीवर बसा. आईंना सगळ्या शिकागोत काय आवडलं विचारलं तर त्या आजही हा घुमट सांगतात. फक्त सरकारी सुट्टीला ते बंद, म्हणजे लेबर डेच्या सोमवारी नाही. शनिवारीच उरका.

दुपारची झोप. मग तिकिटाची गोष्ट, आर्ट इन्स्टिट्यूट. ते मंगळवार-बुधवार बंद असतं, वीकएंडला संध्याकाळी पाचला मिटतं, म्हणून साडेतीनला उठवलंच पाहिजे. १४ वर्षांखालच्या मुलांना फुकट. मिशिगन अव्हेन्यूच्या पायऱ्या टाळून मनरो स्ट्रीटच्या मॉडर्न विंगच्या दाराने आत जा, आणि व्हीलचेअर मागा. पैसे पडत नाहीत. आई आधी "मला काय झालंय?" म्हणाल्या. दहा मिनिटांनी चाकांच्या खुर्चीत मांडीवर पर्स ठेवून त्या सगळ्यांत पुढे होत्या. सगळं बघायचं नाही. आम्ही तीन ठरवली होती: ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेलं चित्रकार सराचं नदीकाठच्या रविवारचं चित्र, हॉपरचं 'नाइटहॉक्स', आणि भारतीय शिल्पांचं दालन. नागपट्टणमचा बाराव्या शतकातला बुद्ध तिथे आहे. त्याच्यासमोर आई हात जोडून बसल्या ते उठायलाच तयार नाहीत.

आईंचं इथे यायचं खरं कारण वेगळं होतं. ११ सप्टेंबर १८९३ ला स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्मपरिषदेत भाषण केलं ते याच इमारतीत. तो हॉल तात्पुरता उभारलेला होता, नंतर काढून टाकला, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर माणूस हॉल शोधत फिरतो आणि हिरमुसतो. बाहेर रस्त्यावर मात्र 'स्वामी विवेकानंद वे' अशी पाटी आहे. फोटो तिथे काढा.

शनिवारी रात्री दहाला उन्हाळाभर नेव्ही पियरवर, म्हणजे तळ्यात शिरलेल्या लांब धक्क्यावर, फटाके असतात. पियरवर जाऊन बघू नका, संपल्यावर सगळे एकदम निघतात. थोडं अलीकडे तळ्याकाठी बसा, तेवढेच दिसतात. आमच्यातले तिघे गेलो, तिघे झोपले.

रविवार

आजचं तिकीट: नदीतून वास्तुकलेची बोट. दीड तास, माणशी पन्नास-साठ डॉलरच्या घरात, आणि या ट्रिपवर एकच खर्च करायचा म्हटलात तर हाच करा. बसून बघायचं, चालायचं काही नाही, आणि शहर आपणहून दोन्ही बाजूंनी सरकत जातं. सकाळची पहिली फेरी घ्या. वरच्या डेकवर सावली नसते, टोप्या हव्याच. धक्का रस्त्याच्या पातळीपासून बराच खाली आहे, उताराची वाट मोजक्याच ठिकाणी. तिकीट काढतानाच "पायऱ्यांशिवाय कसं यायचं" हे विचारा. गाइड भराभर बोलतात, तेव्हा आईंच्या शेजारी थोरलीला बसवलं, मराठी करून सांगायला. तिने '१८७१ ची आग' याचं 'सगळं शहर जळालं आणि मग लोकांना नवीन बांधायचा चान्स मिळाला' असं केलं, ते फारसं चूक नव्हतं.

नानांना मात्र इमारतींपेक्षा पाण्यात रस. ही नदी पूर्वी मिशिगन तळ्याला मिळायची. शहराची घाण नदीत, नदी तळ्यात, आणि पिण्याचं पाणी त्याच तळ्यातून. म्हणून १९०० मध्ये २८ मैलांचा कालवा काढून त्यांनी नदीच उलटी वळवली. ती आता तळ्यातून पाणी घेऊन मिसिसिपीच्या खोऱ्यात जाते. गाइडने हे एका वाक्यात सांगितलं. नानांनी बोटीतून उतरल्यावर त्यावर पाऊण तास घेतला: उतार किती दिला असेल, दरवाजे कुठे, खालच्या गावांनी ओरड केली नाही का. (केली होती. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं.) तुमच्या घरातल्या ज्येष्ठांचं काम कुठलंही असो, त्याचा धागा या शहरात कुठेतरी सापडतो. तो आधी शोधून ठेवा आणि तिथे घाई करू नका. गगनचुंबी इमारतींच्या बाबतीत असाच एक धागा आहे: विलिस टॉवर, पूर्वीचा सिअर्स, ११० मजले, याची रचना ढाक्यात जन्मलेल्या फझलुर रहमान खान या इंजिनिअरची. नळ्यांची जुडी बांधावी तशी. वरच्या १०३ व्या मजल्यावर जायची लाँग वीकएंडची रांग बघून आम्ही खालूनच मान वर केली.

संध्याकाळी मिलेनियम पार्कमधल्या प्रिट्झकर पॅव्हेलियन या खुल्या रंगमंचासमोरच्या हिरवळीवर जॅझ. चटई, भडंग, पाण्याच्या बाटल्या. खुर्च्यांच्या भागात लवकर गेलात तर पाठ टेकायला जागा मिळते, आणि आईंसारख्यांना तीच लागते. दारात पिशव्या तपासतात, फोल्डिंगचा सुरा वगैरे नेऊ नका. फळं कापूनच न्या.

डेव्हन अव्हेन्यूला जायचं का, हे सगळे विचारतात. देशी दुकानांची ती रांग, गांधी मार्ग अशी पाटी, १९७४ मध्ये पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान इथेच निघालं. 'एल'च्या रेड लाइनने लोयोला स्टेशन आणि तिथून १५५ नंबरची बस. पण भारतातून महिन्यापूर्वीच आलेल्या माणसाला भारतीय किराणा दाखवायला अर्धा दिवस घालवणं मला पटत नाही. डेव्हन आपल्यासाठी आहे, त्यांच्यासाठी नाही. तिकडे एकट्या जा, मोटार घेऊन.

सोमवार

खोल्या सोडा, सामान हॉटेलच्या बेल डेस्कवर ठेवा, चिठ्ठी जपून ठेवा. १५१ ने लिंकन पार्क प्राणिसंग्रहालय: १८६८ पासूनचं आणि फुकट. मुलं आणि मोठे यांचे दोन गट करा, दीड तासाने दारात भेटा. आई एका झाडाखाली राजगिऱ्याचा लाडू खात बसल्या आणि त्यांनी तिकडे सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र झाली होती, पण पुतण्याने सजवलेल्या बैलांचे फोटो दाखवले. धाकट्याने पलीकडून सिंह दाखवला. देवाणघेवाण बरी झाली.

दुपारी नानांचा हट्ट. लेबर डेची सुट्टी केंद्राने १८९४ मध्ये दिली, ती शिकागोतल्याच पुलमन रेल्वे डब्यांच्या कारखान्यातून पेटलेल्या संपाच्या दिवसांत. आणि जग ज्या १ मेला कामगार दिन पाळतं, त्याचं मूळ १८८६ च्या शिकागोतल्या हेमार्केट चौकातल्या कामगारांच्या सभेत. अमेरिका तो दिवस पाळत नाही. आपल्याकडे १ मे ला महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकत्र, त्यामुळे नानांना ती जागा बघायचीच होती. डेस्प्लेन्स स्ट्रीटवर, रँडॉल्फच्या जवळ, युनियन स्टेशनपासून फार लांब नाही. सामान घेऊन आम्ही टॅक्सीने गेलो, टॅक्सी थांबवून ठेवली. वक्ते ज्या गाडीवर उभे राहून बोलले तिची आठवण म्हणून ब्राँझची गाडी आणि माणसं, २००४ चं शिल्प. चौथऱ्यावर निरनिराळ्या देशांच्या कामगार संघटनांच्या पाट्या. सुट्टीचा दिवस, कामगारांची सुट्टी, आणि तिथे आमच्याशिवाय कोणी नव्हतं. नानांनी सगळ्या पाट्या वाचल्या. मीटर चालू होतं, पण मी काही बोलले नाही.

स्टेशनवर शेवटची युक्ती. ॲमट्रॅकचे 'रेड कॅप' मदतनीस युनियन स्टेशनवर असतात, वयस्करांना आणि सामानाला बॅटरीच्या गाडीतून थेट डब्यापर्यंत नेतात. सेवा फुकट, बॅगेमागे एक-दोन डॉलर टिप द्या, सुटे जवळ ठेवा. शिवाय गर्दीच्या आधी बसायला मिळतं, म्हणजे सहाही जागा जवळ.

आणि उजव्या हाताच्या खिडक्या धरा. लेमाँट, लॉकपोर्टच्या बाजूला झाडांच्या फटींतून पाणी दिसतं, तो तोच कालवा. आई उपासाचा चिवडा मांडीवर घेऊन झोपल्या होत्या. नानांनी धाकट्याला उठवून खिडकीशी बसवलं आणि दाखवलं, "ते बघ, उलटं वाहतंय." तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "आजोबा, कशावरून?"